मुरलेले पाणी

मराठी माणसाने पाण्याला जितकी विशेषणे बहाल केली आहेत, तितकी त्याने जावयालाही केली नसतील. गोडे पाणी, खारे पाणी, मचूळ पाणी, जड पाणी, हलके पाणी, निवळ, नितळ, गढूळ, शिळे, ताजे! वर्गात विशेषणांचा विषय निघाला की ही यादी मी फळ्यावर मांडतो आणि मुलांना भर घालायला सांगतो. जामखेडच्या मुलांना त्यात मुळीच अडचण पडत नाही. जेथे पाणी कमी, तेथे पाण्याविषयीचे शब्द अधिक, असा काहीसा न्याय असावा. एका विद्यार्थ्याने एकदा उभे राहून 'टँकरचे पाणी' असे सुचवले. ते विशेषण नव्हे, षष्ठी आहे, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तरी मी ते फळ्यावर लिहिले.

गेल्या नऊ वर्षांत या यादीत माझ्या घरातून एका शब्दाची भर पडली आहे. 'मुरलेले पाणी'. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, राजकारणात माणसे मुरतात. पण पाणी स्वतःच मुरते, हे मला आमच्या बैठकीतल्या समुद्राने शिकवले.

बैठकीतला समुद्र हा अलंकार नव्हे. आमच्या बैठकीत दिवाणाच्या समोर चार फूट लांब, दीड फूट रुंद अशी काचेची पेटी आहे. तीत सुमारे अडीचशे लिटर खारे पाणी, काही सच्छिद्र खडक, दोन केशरी-पांढरे विदूषक मासे, आणि खडकांवर वाढणारे जिवंत प्रवाळ आहेत. जामखेडपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटर दूर. म्हणजे किलोमीटरला एक लिटर, असा हिशेब आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठ्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकला.

हे प्रकरण आमच्याकडे आले ते सौभाग्यवतींच्या माहेराहून. माहेर गिरगावात. गिरगावातल्या मुलांचे रविवार ज्या काही ठिकाणी जात, त्यांत चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय हे एक. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेल्या त्या अंधाऱ्या दालनांतून बहीण-भाऊ काचेला नाक लावून हिंडले. बहीण बाहेर येऊन भेळेकडे वळली. भाऊ मात्र अजून त्या काचेपाशीच उभा आहे असे म्हटले तरी चालेल. त्याने पुढे घरातच समुद्र मांडला. २०१६ मध्ये त्याला परदेशी नोकरी लागली आणि 'हा कोणाकडे ठेवू?' असा प्रश्न पडला. आपल्याकडे अशा प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा बहीण हेच असते.

मे महिन्याच्या एका रात्री टेंपोत खाऱ्या पाण्याचे बंद पिंप, ओल्या कापडात गुंडाळलेले खडक आणि हवा भरलेल्या पिशव्यांतले मासे असा समुद्र माळशेज घाट चढून, नगरमार्गे पहाटे आमच्या दारात उतरला. ज्या तारापोरवालांकडून हे वेड निघाले, त्या मत्स्यालयाचा २०१५ मध्ये नव्याने थाट झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे बंद झाली आणि पुढे इमारतच मोडकळीला आल्याचे ठरले. सौभाग्यवतींना ती बातमी वाचून जे वाटले ते त्यांनी बोलून दाखवले नाही. त्या दिवशी पेटीची काच मात्र दोनदा पुसली गेली.

'प्रवाळ' म्हटले की आमच्या गावात दोनच गोष्टी आठवतात. वैद्याची प्रवाळपिष्टी आणि मंगळासाठी अंगठीत बसवायचे पोवळे. त्यामुळे सुरुवातीला 'सरांकडे पोवळ्याचे पीक काढतात' अशी वदंता पसरून एक सोनार चौकशीला येऊन गेले. त्यांची निराशा झाली. आमच्या पेटीतले प्रवाळ मऊ जातीचे. त्यांचे मणी होत नाहीत. दगडी सांगाडा बांधणारे प्रवाळ आपल्या समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जेथे वाघ आहे तेथेच, २००१ मध्ये त्यांना जागा मिळाली. ते पाहायचेच तर मालवणला जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर आत, भर समुद्रात बुडालेल्या एका पठारावरही आहेत, आणि त्या पठाराला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. आंग्र्यांच्या आरमाराला मराठी माणूस ओळखतो. त्यांच्या नावाच्या प्रवाळांना अजून फारसे कोणी ओळखत नाही.

आता पाण्याकडे वळतो. समुद्राचे पाणी म्हणजे पाण्यात मीठ, अशी माझी समजूत होती, आणि मराठीच्या प्राध्यापकाला ती शोभतही होती. आमच्या कन्येने, ती तेव्हा सातवीत होती, ती समजूत राहू दिली नाही. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत मीठ बहुतांश खरे. पण मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०० च्या थोडे वर, आणि आणखी कितीतरी. 'चॅलेंजर' नावाच्या इंग्रजी जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र पालथे घातले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासून १८८४ मध्ये निष्कर्ष मांडला, की खारटपणा कोठे कमी असो, कोठे जास्त असो, मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण सगळीकडे जवळजवळ एकच भरते. कोट्यवधी वर्षे नद्या येऊन मिळताहेत, आणि हा गृहस्थ आपले प्रमाण सोडत नाही!

प्रमाणाचे महत्त्व जामखेडला नव्याने सांगायला नको. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्याचे जे काम उभारले आणि ज्यासाठी त्यांना १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात खेड्यातल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. मीठ-साखरेच्या पाण्यात काय किती घालायचे, हे अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही येथे तोंडपाठ असते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना म्हणूनच पेटीचे पाणी बनवण्यात काही नवल वाटले नाही. दर पंधरा दिवसांनी पंचवीस लिटर पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे. त्यासाठी पाऊण किलोहून थोडा जास्त समुद्री क्षार तोलायचा. "प्रमाण चुकलं तर लेकराला बाधतं, तसं यांना," एवढेच त्या म्हणाल्या. मला तीन पुस्तके वाचूनही याहून नेमके वाक्य सापडलेले नाही.

परंतु नवे पाणी बनवणे हा सोपा भाग. अवघड भाग पुढेच आहे. पेटीतले पाणी रोज थोडे थोडे बदलत असते, आणि ते बदलू द्यायचे नसते.

पहिला शत्रू उन्हाळा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि प्रवाळाला सव्वीस-सत्तावीस अंश हवेत. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या बेटांभोवती १९९८ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झाले. घरच्या समुद्रावर उपाय माठाचा. पाण्यावर पंखा सोडायचा. पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता नेते. मौज अशी, की उडून जाते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. चार लिटर उडाले की उरलेले तेवढे अधिक खारट. म्हणून रोज चार लिटर गोडे, गाळण यंत्रातून काढलेले शुद्ध पाणी भरायचे. हे न केले तर काय होते ते लोणारला जगाने पाहिले. जून २०२० मध्ये तेथले पाणी आटून खारटपणा वाढला आणि सगळे सरोवर गुलाबी झाले. लोणारला ते शोभून दिसले. बैठकीत शोभले नसते.

रोज चार लिटर! हा आकडा मुंबईत काहीच नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत तो फार मोठा होता. विंचरणेचे पात्र कोरडे ठणठणीत, नळाचा पत्ता नाही, टँकर आला की रिकाम्या हंड्यांची रांग कोपऱ्यापर्यंत. शुद्ध पाण्याच्या यंत्राची रीत अशी, की ते एक लिटर चांगले देते आणि दोन-तीन लिटर बाहेर सोडते. रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी सौभाग्यवतींना सरळ विचारले, "तुमच्या माशांचं कसं चाललंय?" शब्दांत काही नव्हते. स्वरात होते.

त्या रात्री आमच्या घरात पेटी मोडण्याचा ठराव जवळजवळ मंजूर झाला. मी त्या बाजूचा होतो, हे नमूद करतो. पाणी कोणाचे, हा प्रश्न खारट असला तरी खरा होता. कन्या बराच वेळ काही बोलली नाही. मग वहीत काही आकडे मांडून म्हणाली, "पेटीचं पाणी माझ्या आंघोळीतून कापा." आणि तिने तो उन्हाळा अर्ध्या बादलीत काढला. यंत्राने सोडलेले पाणी भांडी आणि फरशी यांना पुरले. शेजारच्या घरात म्हातारी आजारी होती. यंत्राचे पाणी सकाळी आधी एक कळशी त्यांच्याकडे जाई, मग पेटीत. हे कोणी ठरवून दिले नव्हते. रांगेतल्या त्या बाई जुलैत, पाऊस पडल्यावर, नातवाला घेऊन मासे दाखवायला आल्या.

खारटपणा डोळ्यांनी नाही तरी उपकरणाने चटकन कळतो. त्याहून गूढ गोष्ट म्हणजे शास्त्रात जिला अल्कलिनिटी म्हणतात ती. आम्ही घरात तिला 'पाण्याचा दम' म्हणतो. सजीव श्वास सोडतात, उरलेसुरले कुजते, जिवाणू मलमूत्रातला अमोनिया फोडतात, या साऱ्यांतून पाण्यात आम्ल तयार होते. त्याला तोंड देण्याची ताकद पाण्यात किती शिल्लक आहे, हे या दमावरून समजते. कवच आणि सांगाडा बांधणारा प्रत्येक जीव कॅल्शियम आणि हा दम दोन्ही पाण्यातून उचलतो. आमचे मऊ प्रवाळ थोडे उचलतात. खडकांवर चढणारे गुलाबी कवचाचे शैवाल बरेच उचलते. मोजायचे कसे? पाच मिलिलिटर पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडायचे. आधी पाणी निळे होते. मग कितव्या थेंबाला ते पिवळे पडते ते मोजायचे. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश. खुल्या समुद्रात सुमारे सात. आमच्या पेटीत आठ.

आणि हा खर्च भरून काढायचा कशाने? हे समजले तेव्हा मला हसू आले. परदेशातले छंदिष्ट ज्याला मोठ्या आदराने 'काल्कवासर' हे जर्मन नाव देतात, ती म्हणजे आपली चुन्याची निवळी! माझी आजी लहान मुलांसाठी चुना पाण्यात कालवून, रात्रभर ठेवून, वरचे नितळ पाणी हलक्या हाताने काढून घेई. तीच कृती, तेच फडके. फक्त चुना पानाचा नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा हवा. ही निवळी भरण्याच्या पाण्यातून रात्री थेंब थेंब सोडायची. रात्रीच, कारण दिवसा शैवाले पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातात आणि रात्री तो साठून पाणी आम्लाकडे झुकते; निवळी त्याला सावरते.

हा कार्बन डायऑक्साइड कोणाचाही चालतो, आपलासुद्धा. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बैठकीत तीसएक बायका, थंडीमुळे खिडक्या बंद. रात्री पाहिले तर पेटीतला आम्लतेचा निर्देशांक ८.२ वरून ८.० वर उतरलेला. तिळगूळ घेऊन गोड बोललेल्या तीस जणींचा श्वास पाण्याने टिपून ठेवला होता! खिडक्या उघडल्या, सकाळपर्यंत पाणी ताळ्यावर आले. मोठ्या समुद्राच्या बैठकीला मात्र खिडकी नाही. यंत्रयुगाच्या आरंभी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. आणि जगाच्या समुद्रपृष्ठाचा हा आकडा सरासरी ८.२ वरून ८.१ वर आला आहे. एका दशांशाचा काय तो फरक, असे वाटेल. पण ही मोजपट्टी अशी आहे, की तेवढ्यात आम्लता सुमारे एकचतुर्थांशाने वाढते.

कन्या २०२३ मध्ये पुण्याला शिकायला गेली. जाताना तिने आम्हाला एक जाड वही दिली. डावीकडे तारीख, मग खारटपणा, तापमान, दम, आणि शेवटी 'शेरा' असा रकाना. ही आमची रोजकीर्द. सौभाग्यवतींनी निवळीचे खाते घेतले आणि मी थेंब मोजण्याचे. वहीच्या पहिल्या पानावर तिने एकच सूचना लिहिली होती: 'काहीही दुरुस्त करायचे असेल तर हळू.'

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये या सूचनेची परीक्षा झाली. पेटीतला सर्वांत जुना प्रवाळ म्हणजे वीतभर व्यासाचा, अळंबीसारखा. आम्ही त्याला छत्री म्हणतो. मुंबईहून आला तेव्हा तो रुपयाएवढा होता. एका सकाळी छत्री मिटलेली. अंगावरची बारीक बोटे आत ओढलेली, कातडी मेणचट. दम मोजला. सहाव्या थेंबालाच नळी पिवळी! पुन्हा मोजले, दुप्पट पाणी घेऊन. बाराव्या थेंबाला पिवळी, म्हणजे सहाच. शोध घेतल्यावर उलगडले, की दुकानातून आलेला चुन्याचा नवा डबाच हवा लागून निकामी झालेला होता. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होऊन बसतो. निवळी उभी राहिली की वर जी पातळ साय धरते तीही तीच. आम्ही आठवडाभर पेटीला भक्तिभावाने खडूचे पाणी पाजत होतो.

बातमी फुटताच सल्लागार जमले. तलाठी म्हणाले, सगळे पाणी फेकून नवे करा. एका सहकाऱ्यांनी तुरटी फिरवायला सांगितले, आणि ती खिशातून काढलीही. औषधाच्या दुकानदारांनी फोनवर गणित करून दिले, की अडीचशे लिटरांना दोन अंश चढवायला पंधरा ग्रॅम खाण्याचा सोडा बस्स आहे. गणित अचूक होते. तीन चमचे सोडा! स्वयंपाकघरात डबा हाताशी होता. समोर छत्री मिटलेली होती आणि फोनवर कन्या म्हणत होती, "रोज अर्धा अंश. त्याहून जास्त नाही. पाऊण चमचा, शुद्ध पाण्यात विरघळवून, हळूहळू."

आजाऱ्याच्या उशाशी औषध असावे आणि ते रोज पाऊण चमचाच द्यावे, यात काय यातना असतात ते ज्याने त्याने अनुभवलेले आहे. नऊ वर्षांच्या पाण्याला सहाची सवय लागली नव्हती हे खरे. पण एका रात्रीत आठाचा धक्का बसला तर तो पहिल्या दुखण्यापेक्षा मोठा. खडकांच्या छिद्राछिद्रांत राहणारे जिवाणू, कवचाचे शैवाल, वाळूतले किडे, या सर्वांनी मिळून जे पाणी मुरवले, ते आपल्या घाईने चालत नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहा. तिसऱ्या दिवशी सात. छत्री तशीच. सौभाग्यवती पहाटे उठून टॉर्च घेऊन पाहून येत आणि काही न बोलता चहा ठेवत. सहाव्या दिवशी आठ भरले, नवा चुना आला, छत्री तशीच. शेरा रकान्यात मी 'तशीच' हा शब्द आठ वेळा लिहिला आहे.

नवव्या दिवशी तिच्या अंगावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक मेणचट साल सुटून पाण्यात तरंगू लागली आणि दुपारपर्यंत छत्री उघडली. ही जात अधूनमधून अशी कात टाकतेच, तेव्हा अनेक दिवस मिटून राहते, असे मग कन्येने सांगितले. हे आधी का सांगितले नाहीस, असे मी विचारले. "सांगितलं असतं तर तुम्ही दम मोजायचं सोडलं असतं," ती म्हणाली. प्राध्यापकांची मुले फार लवकर प्राध्यापक होतात.

यंदा गणपतीत ती आली ती एक लहानशी, चाळीस लिटरांची काचेची पेटी पुण्यातल्या खोलीवर मांडल्याची बातमी घेऊन. नव्या पेटीचे पाणी कच्चे असते. त्यात अमोनिया फोडणारे जिवाणू वस्तीला यायला सहसा चार-सहा आठवडे लागतात. पण जुन्या पेटीतला एखादा खडक नेऊन ठेवला तर काम पुष्कळ लवकर होते. म्हणजे विरजणच की, असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनी लगेच झाकणाचा डबा काढला. आमच्या लग्नानंतर त्यांनी सासरी लावलेले पहिले विरजण शेजारून आणलेले होते, हे त्यांना आठवले असावे.

मूठभर आकाराचा एक गुलाबी खडक निवडला. पेटीच्याच पाण्यात बुडवून डबा बंद केला, दोन पिशव्यांत घातला. पुण्याच्या एस.टी.त कंडक्टरने विचारले, "काय आहे? गळतंय का?" कन्या म्हणाली, "समुद्र आहे." त्याने तिकीट दिले आणि पुढच्या सीटकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेंब मोजले. दम आठ. सौभाग्यवतींनी वही पुढे ओढून शेऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'एक खडक पुण्यास.'